काचीगुडा केंद्र, सकाळी सात दहा

गाडीतल्या टेपला आगपेटीएवढा एक म्युझिक प्लेअर जोडायचा, एवढंच काम होतं. त्यापायी आमच्या अपार्टमेंटची तातडीची बैठक भरली, रेडिओच्या कचेरीतून शिक्क्याचं पत्र आलं, एका हवालदारानं मला भर रस्त्यात गाडीतून उतरवलं आणि शेवटी मी माझ्याच विरुद्ध चौकशी अहवाल लिहून त्यावर सही केली. सरकारी नोकरीत तेहेतीस वर्षं काढली, पण असा योग तिथंही आला नव्हता.

मुळात हे सगळं माझ्या तोंडानं केलं. आमच्या प्रणिताचं लग्न ठरलं ते चिन्मयशी. दोघं एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर, त्यामुळे आम्हाला ठरवायला फारसं काही उरलंच नव्हतं. चिन्मयचे आईवडील, श्रीकांतराव आणि ज्योतीताई, मूळचे पुण्याचे. बारा वर्षांपूर्वी नोकरीसाठी हैदराबादला आले आणि राहिले. माणसं अतिशय सज्जन. पण त्यांचं मराठी इतकं इस्त्री केलेलं, की त्यांच्यासमोर बोलताना माझा शर्ट पँटमधून बाहेर आलाय की काय, असं मला सारखं वाटत राहतं. आम्ही बिरादार निजामाच्या काळापासूनचे हैदराबादी. पणजोबांची जमीन उदगीरकडे, आजोबा काचीगुड्याला आले आणि इथलेच झाले. आमच्या मराठीत ‘नको’च्या जागी ‘नक्को’ आणि ‘हो’च्या जागी ‘हौ’ कधी येऊन बसले ते आम्हालाही ठाऊक नाही.

तर याद्या झाल्यावर ज्योतीताईंनी सहज विचारलं, की आमच्याकडून मंगलाष्टकं माझी नणंद म्हणणार आहे, स्वतः रचते ती, तुमच्याकडून कोण? आमची त्रिवेणी ‘आमचे गुरुजीच म्हणतात’ असं सांगायला तोंड उघडतच होती. तेवढ्यात मी म्हणालो, “मीच म्हणणार. रचणारही मीच.” भलत्याच गाडीत चढलेल्या नवऱ्याकडे फलाटावरून बघावं तसं त्रिवेणीनं माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात तोपर्यंत स्मरणपत्रांपलीकडे काही रचलं नव्हतं.

आठ दिवसांत चार ओळी झाल्या. बोटांवर मात्रा मोजत मी ऑफिसात बसायचो; लोकांना वाटायचं, साहेब निवृत्तीचे महिने मोजतात. पहिली ओळ आली ती अशी: ‘घेऊनी हिजला कडेस फिरलो, काचीगुडा गाव हे’. काचीगुडा हा शब्द वृत्तात इतका फिट्ट बसेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत नातेवाईक कोंबले. माझ्या जयवंताआत्याचं नाव घातलं, कारण ते नसतं तर ती जेवायला बसली नसती. आणि चौथी ओळ, एका दुपारी डबा खाताखाता, न बोलावता आली: ‘होती काल घरात, आज परकी, कुर्यात् सदा मंगलम्’.

लिहिताना काही झालं नाही. संध्याकाळी गच्चीवर म्हणून बघितली तेव्हा घोटाळा कळला. पहिल्या तीन ओळी ठणठणीत जायच्या. ‘आज परकी’पाशी आलो की गळ्यात काहीतरी येऊन अडकायचं. पुन्हा म्हटलं, पुन्हा अडकलं. दहादा म्हटलं, दहादा अडकलं. आता बघा, मुलगी सासरी जाणार म्हणजे कुठं, तर गच्चीबावलीला. मेट्रो आणि बस मिळून तासाभराचा रस्ता. पण हे गळ्याला कुणी सांगायचं? चारशे माणसांसमोर, त्या इस्त्रीच्या मराठीवाल्या मंडळींसमोर, वधूपित्यानं माईकवर हुंदका दिला तर ते मंगलाष्टक लोक वर्षानुवर्षं सांगतील. ओळ बदलायची म्हटलं तर तीच खरी होती. मला प्रणिताला तेच सांगायचं होतं, आणि एरवी बापानं मुलीला असलं काही सांगायची आमच्या घरात पद्धत नाही.

उपाय मला ऑफिसच्या अनुभवातून सुचला. कुठलाही हृदयद्रावक अर्ज शंभर वेळा वाचला की त्याचा अर्थ मरतो, नुसती अक्षरं उरतात. तसंच ही ओळ शंभर वेळा ऐकायची, बरोबर म्हणायची आणि बोथट करून टाकायची. घरी ते शक्य नव्हतं. लग्नघर, हॉलमध्ये जयवंताआत्या, बेडरूममध्ये बस्त्याच्या साड्या, बाथरूमला रांग. राहिली ती गाडी. काचीगुड्याहून नामपल्लीला ऑफिसात जायला गर्दीत पाऊण तास जातो आणि त्या पाऊण तासात मला कुणी विचारत नाही.

फोनवर रेकॉर्ड करा, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या घरात माझा फोन म्हणजे माठातलं पाणी आहे, जो येतो तो हात घालतो. शिवाय मागं एकदा डॉक्टरांसाठी म्हणून रेकॉर्ड केलेला माझा खोकला मी बिरादार परिवाराच्या ग्रुपवर टाकला होता आणि त्यावर सतरा जणांनी हात जोडले होते. म्हणून ड्रॉवरमधून प्रणिताचा कॉलेजातला जुना प्लेअर काढला. त्यात रेकॉर्ड करायचं बटण होतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीआड जाऊन मी मंगलाष्टक भरलं. ‘आज’ म्हटलं, गळा अडकला, तो झाकायला खोकलो, आणि ‘परकी’ म्हटलं. पुन्हा भरायला हवं होतं, पण जिन्यात त्रिवेणीची चाहूल लागली. कानात घालायच्या वायरी मला चालत नाहीत, कानाच्या डॉक्टरनी बंदी केली आहे. म्हणजे हा प्लेअर गाडीच्या स्पीकरलाच जोडायला हवा होता.

आमची गाडी वीस वर्षांची आहे आणि तिच्यात कॅसेटचा टेप आहे. त्याला प्लेअर कसा जोडायचा, असं मी मोघमच दोघातिघांना विचारलं. ऑफिसातला प्रशांत म्हणाला की टेपच बदला. आमच्या असोसिएशनचे सेक्रेटरी नरसिम्हा राव गारू (गारू म्हणजे तेलुगूतलं ‘साहेब’) म्हणाले की गाडीच बदला. तळमजल्यावरचे हिम्मतराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, ते म्हणाले की माणसानं गाडीत गाणी ऐकूच नयेत, लक्ष रस्त्यावर असावं. सगळे सल्ले आपापल्या जागी बरोबर होते आणि एकाचाही मला उपयोग नव्हता.

शेवटी मलकपेठेत मुजीबभाईंच्या दुकानी गेलो. गाड्यांना सीटकव्हरपासून सायरनपर्यंत जे जे लावता येतं ते ते त्यांच्याकडे मिळतं. त्यांनी एक खोटी कॅसेट काढली. तिला शेपटीसारखी वायर. कॅसेट टेपात सारायची, वायर प्लेअरला लावायची, झालं. दुकानासमोर ती छान वाजली. माझाच आवाज मला मागच्या सीटवरून ऐकू आला आणि मी दचकलो. घरी येईपर्यंत टेपानं कॅसेट तीनदा बाहेर फेकली. चौथ्यांदा आत घेतली ती सोडलीच नाही. आत खरखर चालू आणि बाहेर नुसती वायर लोंबकळतेय.

दुसऱ्या दिवशी मुजीबभाईंनी अख्खा टेप उपसून ती कॅसेट सोडवली आणि टेप परत बसवला. त्यात कुठलीतरी वायर कुठंतरी गेली असावी, कारण त्यानंतर गाडी डावीकडे वळली की हॉर्न वाजायला लागला. उजवीकडे वळताना नाही, फक्त डावीकडे. ऑफिसच्या वाटेवर एक दवाखाना आहे आणि तिथं डावं वळण आहे. हॉर्न वाजवू नये अशा पाटीखाली मी वळणभर हॉर्न वाजवत गेलो. हवालदारानं उतरवलं. मी त्याला सांगितलं की हॉर्न मी वाजवत नाही, वळण वाजवतं. त्यानं स्वतः आत बसून चाक फिरवून बघितलं, दोनदा फिरवलं, मग शांतपणे खाली उतरून माझ्या नंबरप्लेटचा फोटो काढला. दवाखान्याच्या खिडक्यांतून पेशंट बघत होते. तेहेतीस वर्षं मी एकाही फाइलवर चुकीचा शिक्का मारलेला नाही, आणि मला तिथं कान धरल्यासारखं उभं राहावं लागलं.

तिसऱ्या खेपेला मुजीबभाईंनी आधी हॉर्न नीट केला, मग कपाटातून बोटाएवढी एक वस्तू काढली. सिगारेट पेटवायच्या भोकात ती खोचायची, तिची वायर प्लेअरला लावायची आणि गाडीतला रेडिओ सुरू करायचा. रेडिओवर जिथं कुठलंच स्टेशन लागत नाही असा आकडा शोधायचा आणि तोच आकडा या वस्तूवर लावायचा. मी विचारलं, असं दुसऱ्याच्या जागेत बसलेलं चालतं का?

“खाली जगा देखको बैठ जाना साब, जनरल डिब्बे के जैसा,” मुजीबभाई म्हणाले. “टेन्शन नक्को लेओ. ये इस्पेशल माल है, दूर तक पकडता.”

दूर तक म्हणजे कुठवर, हे मी विचारायला हवं होतं. मला वाटलं, पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत.

त्या दिवसापासून माझा नेम सुरू झाला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, गाडी गरम करायची म्हणून मी खाली उतरायचो. पार्किंगच्या कोपऱ्यात, हिम्मतरावांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून माझी जागा. काचा वर करायच्या, प्लेअर लावायचा आणि वीस मिनिटं मनातल्या मनात त्याच्याबरोबर म्हणायचं. प्रणिता हल्ली मी उतरायच्या आधीच निघून जायची. ऑफिसची बस चौकात लवकर येते, असं तिनं सांगितलं होतं. रस्त्यातही मी तेच ऐकत जायचो. एकदा चादरघाटच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस स्वतःच्या रेडिओवर थापा मारताना दिसला. लोकांच्या गाड्याही आपल्यासारख्याच जुन्या असतात, असं वाटून मला बरं वाटलं.

पाचव्या की सहाव्या दिवशी संध्याकाळी हिम्मतराव मला जिन्यातच भेटले. चेहरा असा, की जणू त्यांचंच लग्न ठरलंय. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

“उमाजीराव, झालं बघा,” ते म्हणाले. “मराठी सुरू केलं त्यांनी.”

इथं हिम्मतरावांविषयी सांगायला हवं. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या इतकी मराठी माणसं, तर इथल्या रेडिओवर सकाळी निदान पंधरा मिनिटं मराठी असावं, अशी त्यांची मागणी. गेली एकतीस वर्षं ते त्यासाठी अर्ज करत होते. प्रत्येक अर्जाची प्रत एका हिरव्या फाइलीत. उत्तर कधी यायचं नाही, आलं तर ‘विचाराधीन’ एवढंच. निवृत्त झाल्यावर तर सकाळी स्वयंपाकघरातला रेडिओ घेऊन बसायचं, सुई हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची आणि कुठं मराठी लागतंय का बघायचं, हा त्यांचा परिपाठ होता. आणि त्या आठवड्यात सुई एका जागी थांबली होती. सकाळी सात दहाला मंगलाष्टक, तेही काचीगुड्याचं नाव घेऊन.

मी माझे हात हळूच सोडवून घेतले. मी विचारलं, कसं काय म्हणतो गाणारा?

“गाणारा सुमार आहे,” हिम्मतराव म्हणाले. “वशिल्याचा असणार. पण म्हणताना मनापासून म्हणतोय.”

आता सांगा, काय करायचं? तो मीच, असं सांगावं तर सुमार म्हणून नाव झालेलं. बंद करावं तर एकतीस वर्षांनी उजळलेला तो चेहरा पुन्हा विझणार. मी काहीच केलं नाही, आणि काहीच न करण्याचे परिणाम सर्वांत वाईट होतात, हे मला नोकरीत कितीदा दिसलं होतं. पुढच्या आठवड्यात हिम्मतरावांच्या स्वयंपाकघरात सकाळी दहा-अकरा माणसं जमायला लागली. लिंगमपल्लीचे दोन निवृत्त मास्तर, किराणा दुकानवाले, भजनी मंडळातल्या बायका. हिम्मतरावांच्या सावित्रीबाई सगळ्यांना चहा करायच्या. भिंतीच्या अलीकडे मी काचा वर करून बसलेलो, भिंतीच्या पलीकडे ही मंडळी कपबशा घेऊन बसलेली. मी सात बाराला पोचलो तर संध्याकाळी हिम्मतराव म्हणायचे, आज केंद्राला दोन मिनिटं उशीर झाला.

तिथंच थांबतील तर ते हिम्मतराव कसले. त्यांनी रेडिओच्या कचेरीला आभाराचं पत्र धाडलं. त्यात विनंती केली होती की कार्यक्रम रोज तोच लागतो, तरी विविधता असावी, आणि गायक बदलता आल्यास बघावं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आठ दिवसांत उत्तर आलं. असा कोणताही कार्यक्रम आमच्याकडून प्रसारित होत नाही, आपण कळवलेल्या आकड्यावर आमचं केंद्र नाही, सबब आपलं पत्र निकाली काढण्यात येत आहे.

त्या पत्रानं हाहाकार उडाला. सरकारचं नाही तर मग कुणाचं? नरसिम्हा राव गारूंनी रविवारी गच्चीवर तातडीची बैठक बोलावली. बेकायदा रेडिओ स्टेशन आपल्या बिल्डिंगच्या आसपास चालतंय, पोलिस आले तर आधी सेक्रेटरीला धरतील, असं त्यांचं म्हणणं. चौथ्या मजल्यावरच्यांना वाटलं की हा दरोडेखोरांचा इशारा आहे. रोज एकाच जागी खोकतो तो. मी मागच्या रांगेत बसून गच्चीच्या फरशा मोजत होतो. मग नरसिम्हा राव गारूंनी ठराव मांडला, की प्रक्षेपण मराठीत आहे, बिल्डिंगमध्ये मराठी येणारा सरकारी अधिकारी एकच आहे, तरी उमाजीराव बिरादार यांनी ते ऐकून आठ दिवसांत लेखी अहवाल द्यावा. सर्वांनी हात वर केले. मीही केला, कारण केला नसता तर संशय आला असता.

बैठक संपताच हिम्मतराव मान खाली घालून जिना उतरायला लागले. ते बघवेना. मी सरळ त्यांच्यामागून खाली गेलो. ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, मांडीवर हिरवी फाइल, आणि त्या कचेरीच्या पत्राला भोकं पाडून ते तिच्यात लावत होते. सावित्रीबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. प्लेअर, खोटी कॅसेट, मुजीबभाई, शेवटची ओळ. काही लपवलं नाही.

हिम्मतरावांनी ते पत्र फाइलीत दाबून बसवलं.

“म्हणजे सरकारनं नाही केलं,” ते म्हणाले.

“नाही.”

“तुम्ही केलात.”

“चुकून,” मी म्हणालो. “माफ करा मला.”

त्यांनी फाइलीची नाडी बांधली. “असू द्या. एकतीस वर्षांत कुणीतरी तर केलं,” ते म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण ते पुढं म्हणाले, “आता बंद नका करू. सात दहाला अकरा माणसं येतात, त्यांना मी काय सांगू? लग्नापर्यंत चालू द्या. आणि ते खोकणं तेवढं बघा. गाणं चांगलं आहे तुमचं.” सुमार म्हणाल्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, मीही आठवण दिली नाही. सावित्रीबाई वळून काहीतरी बोलणार होत्या, पण पदरानं हात पुसत गप्पच राहिल्या.

अहवाल मी दुसऱ्याच दिवशी दिला. ‘सदर प्रक्षेपण लक्षपूर्वक ऐकले. आशयात आक्षेपार्ह काही आढळले नाही. खोकला सांकेतिक नसून प्रकृतीचा भाग असावा. लग्नसराई संपताच सदर प्रक्षेपण आपोआप बंद होईल असा अंदाज आहे.’ नरसिम्हा राव गारूंसाठी खाली हिंदीत तर्जुमाही लिहिला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, “बिटिया की शादी कौनसी तारीख को बोले?” मी तारीख सांगितली. त्यांनी मान हलवली आणि चौकशी बंद झाली. त्या माणसाला मी बारा वर्षं रुक्ष समजत होतो.

लग्नाच्या सकाळपर्यंत मी ती ओळ किती वेळा ऐकली असेल, देव जाणे. तीनशे तरी नक्की. शेवटच्या आठवड्यात खरोखर काही वाटेनासं झालं होतं. ‘आज परकी’ म्हणजे चार महिन्यांपूर्वीचं एखादं परिपत्रक असावं, इतकं कोरडं. मी स्वतःवर खूश होतो.

मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा. हॉल काचीगुड्यातलाच. अंतरपाट धरला. अलीकडे चिन्मय, पलीकडे प्रणिता हिरव्या शालूत, मान खाली, तिच्यामागे मामा. ज्योतीताईंच्या नणंदेनं दोन मंगलाष्टकं म्हटली. छापील कागद, ताल, सूर, सगळं जागच्या जागी. लोकांनी अक्षता टाकल्या. मग माईक माझ्या हातात आला. समोर दुसऱ्या रांगेत हिम्मतराव आणि त्यांची सात दहाची अख्खी मंडळी बसली होती. पलीकडे नरसिम्हा राव गारू जरीचं उपरणं घेऊन.

पहिली ओळ झाली. काचीगुड्याला मंडळींनी माना डोलावल्या. दुसरी झाली, तिसरी झाली. जयवंताआत्यानं आपलं नाव ऐकून शेजारणीला कोपर मारलं. ‘होती काल घरात’ म्हटलं, आणि कसं कोण जाणे, माझी नजर अंतरपाटाच्या वरच्या कडेवर गेली. पलीकडून फक्त मुंडावळ्यांचं टोक दिसत होतं. कडेवर घेतली की ती असंच डोकं माझ्या खांद्याच्या वर काढून मागचा रस्ता बघायची. तीनशे वेळांचं बोथटपण एका क्षणात कुठं गेलं कळलं नाही. मी ‘आज’ म्हणालो आणि पुढं आवाजच आला नाही.

गुरुजी घड्याळ बघतायत. श्रीकांतराव माझ्याकडे बघतायत. मी तोंड उघडून उभा, माईकमध्ये नुसता श्वास. इतक्यात दुसऱ्या रांगेतून हिम्मतराव मोठ्यानं खोकले. त्यांच्यामागून दोन्ही मास्तर खोकले, भजनी मंडळ खोकलं, किराणावालेही खोकले. मला सावरायला म्हणून खोकले की सवयीनं, ते आजही सांगता येणार नाही. पण त्यांनी मला दिलेली ती सवड मला वापरता आली नाही. माझ्याच्यानं तो शब्द म्हणवेना.

तेव्हा अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला. वधूनं बोलायचं नसतं. प्रणिताला मराठी धड वाचता येत नाही, लग्नपत्रिकासुद्धा तिनं मला वाचायला लावली होती. तीच मुलगी माझ्याच चालीत, माझ्याच घाईनं, एक अक्षरही न अडखळता म्हणाली:

“होते मी तुमची, अजून तुमची, कुर्यात् सदा मंगलम्.”

माझी ओळ नव्हती ती. तिनं ती बदलली होती आणि तरी मात्रा बरोबर होत्या. मामा गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले. गुरुजींना काही सुचेना, त्यांनी घाईघाईनं ‘सावधान’ म्हणून टाकलं, वाजंत्री वाजली, अंतरपाट सरला आणि चहूबाजूंनी अक्षता पडल्या. मी माईक हातात धरून चारशे माणसांसमोर रडत होतो आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

सावित्रीबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “अहो, ती रोज यायची आमच्याकडं सकाळी. ओट्यापाशी उभी राहून ऐकायची. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं तिनं तुम्हाला. मला म्हणाली, पप्पांना सांगू नक्को, थांबवतील. शेवटचे आठ दिवस बोटं मोजीत बसायची, मला वाटलं लग्नाचे दिवस मोजतेय.”

तेवढ्यात ज्योतीताई आल्या. डोळे त्यांचेही ओले होते, पण शंका मोठी होती. इस्त्रीच्या मराठीत त्यांनी विचारलं, “का हो, वधूनं स्वतः मंगलाष्टक म्हणायची प्रथा तुमच्याकडे पूर्वीपासून आहे का?”

मी नाक पुसलं आणि शर्ट नीट खोचला.

“हौ,” मी म्हणालो. “आमच्यात असंच असतंय.”